कळसूबाईवाल्या काकांचं चुकलं नव्हतं

पत्र:

ताई, मी २९ वर्षांची. पुण्यात सहा वर्षं नोकरी केली. तिथे रविवारी क्विझला जायचं वेडच लागलं होतं. आईच्या गुडघ्यांच्या ऑपरेशनमुळे वर्षापूर्वी नाशिकला परत आले. आता अंबडला एका कंपनीत क्वालिटीला आहे. इथे रविवार उजाडला की तीनच पर्याय: मिसळ, वायनरी, नाहीतर त्र्यंबक. गेल्या गणपतीत आमच्या सोसायटीत मी हौसेनं क्विझ घेतली. चार रात्री जागून चाळीस प्रश्न काढले होते. पाचव्या प्रश्नाला मागच्या दोन रांगा आरतीच्या तयारीच्या नावाखाली उठल्या. पोरं टेबलाखाली फोन धरून उत्तरं शोधत होती. 'आपल्या जिल्ह्यातलं सर्वांत उंच ठिकाण कोणतं' या प्रश्नावर एक काका 'कळसूबाई' म्हणून अडून बसले. माझ्या कागदावर उत्तर साल्हेर होतं. वीस मिनिटं वाद झाला, शेवटी सेक्रेटरींनी माईक काढून घेतला. आता काका लिफ्टपाशी दिसले की मी जिन्यानं जाते. नाशिकला चौकस माणसंच नाहीत का? की माझंच काही चुकतंय? आणि रविवारी जावं तरी कुठे?
— जिन्यानं जाणारी, इंदिरानगर

उत्तर:

अगं जिन्यानं जाणारे,

आधी तो वाद मिटवू, कारण त्यातच तुझ्या निम्म्या पत्राचं उत्तर आहे. काकांचं बरोबर होतं. साल्हेर बागलाणातला, १५६७ मीटर, महाराष्ट्रातला सर्वांत उंच किल्ला. कळसूबाई १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर, इगतपुरी आणि अकोले तालुक्यांच्या शिवेवर. तुझ्या मनात 'किल्ला' होता आणि तोंडून 'ठिकाण' गेलं. क्वालिटीत काम करतेस, एका मापानं अख्खा लॉट परत येतो हे मी तुला काय सांगणार! एक शब्द बदलला असता तर काका खाली बसले असते.

दुसरी गोष्ट अशी, की गणपतीच्या मांडवात कळसूबाईसाठी वीस मिनिटं भांडणारा माणूस तुझ्याच बिल्डिंगमध्ये राहतो आणि तू मला विचारतेस, नाशिकला चौकस माणसं नाहीत का?

आता चुकलं काय ते बोलू. तू क्विझ घेतली नाहीस, परीक्षा घेतलीस. भारतातली पहिली खुली क्विझ १९६७ साली कलकत्त्यात झाली. नील ओब्रायन यांनी ती एका पॅरिश हॉलमध्ये घेतली होती. म्हणजे ओळखीपाळखीच्या मंडळींनी संध्याकाळी जमून करायची मजा हेच या खेळाचं मूळ. पुण्यातल्या तुझ्या बाउन्स-पाउन्सवाल्या (म्हणजे अडलेला प्रश्न पुढच्या गटाकडे, नाहीतर पाळी नसताना झडप घालून उत्तर) मंडळींना तो मुरलेला आहे. तिथे येणारा प्रत्येक जण हरायची तयारी ठेवून येतो. सोसायटीतल्या मावशी मात्र हरायला आलेल्या नसतात. त्या मोदक व्हायच्या आधी तासभर बसायला आलेल्या असतात. त्यांना तू परदेशातल्या राजधान्या विचारल्या असशील, तर उत्तर एकतर येतं किंवा येत नाही. येत नसेल तर करायला काहीच उरत नाही. माणूस गप्प बसतो, आणि चारचौघांत पाच वेळा गप्प बसायला लागलं की सहाव्यांदा आरतीची तयारी आठवतेच.

सोसायटीतला चांगला प्रश्न म्हणजे ज्याच्या उत्तराचा एक तरी तुकडा समोरच्याच्या हातात असतो. हे मी शब्दशः म्हणतेय. सगळ्यांना खिशातलं, पर्समधलं एकेक नाणं काढायला सांग. सालाच्या आकड्याखाली बघा म्हणावं. चौकटीसारखी खूण दिसली तर ते मुंबईचं, चांदणी असेल तर हैदराबादचं, ठिपका असेल तर नोएडाचं, काहीच नसेल तर कोलकात्याचं. दोन मिनिटं नुसता कलकलाट होईल, चष्मे शोधले जातील, आजोबा नातवाला 'बघ रे, तुझे डोळे चांगले' म्हणतील. मग शांतपणे विचार, 'नाशिकची खूण कोणती?' लोक नाणी उलटसुलट करत बसतील. कुणालाच सापडणार नाही, कारण नाशिकला नाणी पाडतच नाहीत. आपल्याकडे नोटा छापतात. जेलरोडला ज्यांच्या घरी कुणी 'प्रेसमध्ये' होतं ते एव्हाना गालात हसत असतील. त्यांना माईक दे आणि तू बाजूला हो. १९२५ साली नाशिकरोडला टपालाची तिकिटं छापायला सुरुवात झाली, त्याआधी ती लंडनहून यायची. नोटा १९२८ पासून. आणि वरकडी म्हणून हे विचार: १९४८ ची गांधीजींची पहिली तिकिटं नाशिकची का? नव्हेत, ती स्वित्झर्लंडला छापली. यावर चर्चा झाल्याशिवाय राहत नाही, बघ.

फोनचा बंदोबस्तही यातच होतो. हातात धरून बघायच्या वस्तूचा प्रश्न विचारला की टेबलाखाली शोधायला काही राहत नाही.

प्रश्न वीसच ठेव. गट पाच जणांचे, प्रत्येकात साठीपुढचं एक आणि पंधराच्या आतलं एक माणूस हवंच. उणे गुण नकोत. आणि हो, मराठीत विचार. तुझ्या पुण्याच्या क्विझा इंग्रजीत होत असतील, पण इथे 'फॉर टेन पॉइंट्स' म्हटलं की अर्धी पंगत उठते.

आता रविवारचं. माझं एक मत झालंय आणि ते थोडं हट्टी आहे: नाशिकमध्ये प्रश्नाला पत्ता असायला हवा. उत्तर पुस्तकात मिळतं तसं ते अमुक पायरीवर, तमुक भिंतीवर उभं राहूनही मिळायला हवं. तसे प्रश्न आपल्या गावात इतके पडलेत की बाकीच्या जगाकडे जायला मला अजून सवड झालेली नाही.

पहिल्या रविवारी पांडवलेणीला जा. तू शाळेच्या सहलीत गेलेली असशील, सगळेच गेलेले असतात. पायऱ्या मोजायच्या, वर धापा टाकत फोटो काढायचे, आणि पांडवांचा इथे काही संबंध नाही हे सरांच्या तोंडून ऐकून खाली यायचं. या वेळी थेट दहा नंबरच्या लेण्यात जा. व्हरांड्याच्या भिंतींवर ब्राह्मीत ओळी कोरलेल्या आहेत. उषवदात नावाच्या माणसाचं ते दान. हा क्षत्रप नहपान राजाचा जावई. लेख सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचा, आणि मजकूर आहे चक्क मुदत ठेवीचा. तीन हजार कार्षापणं, म्हणजे तेव्हाची नाणी, त्यानं गोवर्धनातल्या श्रेणींकडे, म्हणजे कारागिरांच्या संघांकडे, कायमची ठेवली. दोन हजार विणकरांच्या एका श्रेणीकडे, दरमहा शेकडा एक या व्याजानं. एक हजार दुसऱ्या श्रेणीकडे, दरमहा शेकडा पाऊण. मुद्दल कधी परत करायचं नाही, फक्त व्याज खायचं. आणि व्याजातून काय? पहिल्या ठेवीतून लेण्यातल्या वीस भिक्षूंना चिवरासाठी, म्हणजे वस्त्रांसाठी, प्रत्येकी बारा.

इथे थांब आणि सोबत एखादं सातवीतलं पोर असेल तर त्याला गणित घाल. दोन हजारांवर महिना शेकडा एक म्हणजे वीस. वर्षाचे दोनशे चाळीस. वीस भिक्षूंना वाटले तर? प्रत्येकी बारा. जुळलं! भिंतीकडे बघत बघत हा हिशेब जुळतो तेव्हा अंगावर काटा येतो, आणि मी हे सरळव्याजावर मनापासून चिडणाऱ्या मुलांच्या बाबतीतही पाहिलंय. बँकेत नोकरी करून निवृत्त झालेल्या माझ्या एका नातेवाइकांनी तिथेच पहिला प्रश्न विचारला, 'श्रेणी बुडाली तर?' हा खरा क्विझचा प्रश्न. गोवर्धन कुठे, असं कुणी विचारलं तर गंगापूरच्या बाजूला बोट दाखव. गाव आहे अजून, नावही तेच.

मग तीन नंबरच्या लेण्यात ये. चार पावलांवर. इथला मोठा लेख गौतमी बलश्रीचा, म्हणजे गौतमीपुत्र सातकर्णीच्या आईचा. नातवाच्या, वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या राज्याच्या एकोणिसाव्या वर्षी कोरलेला. त्यात आजी आपल्या गेलेल्या मुलाचं कौतुक करते. त्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचं पाणी प्यायलं, त्यानं क्षहरातांचा वंश निःशेष केला. आणि हे क्षहरात कोण? तोच नहपान, ज्याच्या जावयाची ठेव तू आत्ता वाचून आलीस. एकाच डोंगरात, हाकेच्या अंतरावर, हरलेल्याचा जावई आणि जिंकलेल्याची आई.

तिसरा पत्ता सिन्नर तालुक्यातला. जोगलटेंभी, गोदावरी आणि दारणेच्या संगमावर. १९०६ साली तिथे नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला, तेरा हजारांहून जास्त नाणी. त्यातल्या नऊ हजारांवर सातकर्णीनं स्वतःचा ठसा पुन्हा मारलेला होता. जुन्या राजाचा चेहरा, त्यावर नव्याचा शिक्का. आजीनं भिंतीवर जे सांगितलं त्याची पावती नदीकाठी मातीत पुरलेली. नाण्यांचं वेड लागलं तर त्र्यंबक रस्त्याला अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था आणि संग्रहालय आहे, वेळ विचारून जा. हे तिन्ही टप्पे मिळून एकच प्रश्न होतो. तो कसा विचारायचा हे तुझं तू ठरव, ते मी सांगितलं तर मजा गेली.

एक कबुली देते. पहिल्यांदा मी सहा जणांना घेऊन दहा नंबरला गेले तेव्हा पाठ करून गेले होते. भिंतीकडे हात करून दहा मिनिटं रुबाबात बोलले. बाजूला एक कॉलेजचा मुलगा वही घेऊन उभा होता. माझं संपल्यावर हळूच म्हणाला, 'काकू, तुम्ही सांगितलं ते बरोबर आहे, पण ते या ओळीत नाही. तुम्ही दाखवताय ते त्याचंच दुसरं दान आहे.' तो ब्राह्मी अक्षर-अक्षर लावत होता. मला जिन्यानं जावंसं वाटलं, पण डोंगराला एकच वाट. उतरताना त्याच्याशी बोलत आले. तेव्हापासून दर वेळी त्याला बरोबर नेते, आणि आता बोट तो दाखवतो, मी पाण्याची बाटली धरते.

उतरण्याआधी अठरा नंबरचा चैत्य, म्हणजे प्रार्थनेचं लेणं, बघ. त्याच्या दर्शनी भागावरच्या लेखात 'नासिककानं' असा शब्द आहे, नाशिकच्या लोकांचा. शूर्पणखेचं नाक की नऊ शिखरं, या भांडणात कुणाचीही बाजू घे, पण नाव तेव्हापासून चालत आलंय.

गंगेवरचा रविवार वेगळा. गंगेवर म्हणतेय, गोदावरीवर नाही. पुण्याला राहून हे विसरली नसशील. सकाळी सातच्या आत जा, नंतर पार्किंगवाले आणि यात्रेकरू यांच्यात तू हरवशील. दुतोंड्या मारुतीसमोर उभी राहा. एका फूलवालीला मी एकदा शहाणपणानं विचारलं होतं, पुराची पातळी कशी कळते. मला धरणातून सोडलेल्या पाण्याचा आकडा अपेक्षित होता. ती माझ्याकडे न बघता हार ओवत म्हणाली, 'गुडघा, कंबर, छाती, गळा. गळ्याला लागलं की दुकान आवरायचं.' मारुतीच्या अंगावरचं हे माप अख्खं गाव वापरतं. वर्तमानपत्रंसुद्धा. तिथून कपालेश्वराच्या पायऱ्या चढ आणि सोबतच्यांना विचार, इथे काय नाही? बरेच जण तीन वेळा दर्शन घेऊन आलेले असतात आणि तरी सुचत नाही. महादेवासमोर नंदी नाही. आजीला मात्र लगेच सुचतं, कथेसकट, म्हणून आजी हवी बरोबर. नारोशंकराची घंटा येता-जाता बघून घे. पोर्तुगीजांकडून वसईच्या विजयात आलेली, असं आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. बुधवारी सुट्टी असेल तर घाटावरचा बाजार कर, रविवारला त्याची सर नाही.

'नाशिक नव टेकावर वसविले' ही ओळ ऐकली आहेस ना? गावात, म्हणजे जुन्या गावात, भद्रकालीपासून जुन्या गढीपर्यंत चालत नऊ टेक शोधायचे. प्रत्येक टेकावर ओट्यावर बसलेल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारायचं, बाकीचे आठ कोणते? माझ्याकडे वहीत पाच याद्या आहेत आणि एकीचा दुसरीशी मेळ नाही. तुझी सहावी होईल. चढ लागला की टेक, एवढीच खूण. स्कूटर घेऊन जाऊ नकोस, चढ पायालाच कळतो.

एक दिवस रजा टाकून लासलगावला जा. रविवारी लिलाव नसतो म्हणून रजा. ट्रॅक्टरांच्या रांगा, पुढे सरकत जाणारा व्यापाऱ्यांचा घोळका, एका ट्रॉलीपाशी जेमतेम मिनिट-दोन मिनिटं आणि वर्षभराच्या मेहनतीचा भाव ठरून मोकळा. तो आवाज ऐकून आल्यावर 'कांदा महागला' हे वाक्य आपण जरा जपून बोलतो. आणि तिथला प्रश्न असा: २००७ साली भारतातला हापूस अमेरिकेला जायला लागला तेव्हा तो वाटेत कांद्याच्या गावी का थांबत होता? मोड येऊ नयेत म्हणून कांद्यावर किरणांचा मारा करायला तिथे अणुऊर्जा खात्याच्या संशोधकांनी 'कृषक' हे केंद्र उभारलं होतं. अमेरिकेला आंब्यातल्या किडीची भीती, आणि त्यावर उपाय तोच मारा. कोकणातला माणूस हे उत्तर सहजी मान्य करत नाही, त्यामुळे गटात एखादा रत्नागिरीकर असेल तर हा प्रश्न शेवटी ठेव.

बाकीचे भराभर सांगते. थंडीत नांदूरमध्यमेश्वरला पक्षी. महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून २०२० मध्ये ते जाहीर झालं, दुर्बीण उसनी घे पण ने. पावसाळ्यात अंजनेरीच्या पठारावर कंदिलासारखं फूल येणारी एक छोटी वनस्पती असते, तिच्या शास्त्रीय नावातच अंजनेरी आहे. वाकून बघ, हात लावू नकोस, आणि जागा कुणाला फोनवर पाठवू नकोस. रंगपंचमीला रहाड. पेशवाईपासूनचे हे हौद वर्षभर जमिनीखाली बुजवलेले असतात, आपण त्यांच्यावरून गाड्या नेतो. प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला. तू धप्पा (म्हणजे हौदात उडी) मारणार नसलीस तरी ती खणून उघडताना बघ. वायनरीचं तुला वेगळं सांगायला नको, आणि खरं सांगायचं तर तिथे मला कुतूहलापेक्षा सेल्फीच जास्त दिसतात. मिसळीला मात्र नावं ठेवू नकोस. सगळे रविवार शेवटी तिथेच येऊन टेकणार आहेत.

माणसं कुठे भेटतील? सार्वजनिक वाचनालयात. १८४० पासूनची संस्था आहे, आणि तिथे सकाळी रोज त्याच खुर्चीवर बसणारा माणूस हा तुझा भावी गटमित्र समज. तिकिटं आणि नाणी जमवणाऱ्यांत, पक्षी बघणाऱ्यांत, शनिवारी रात्री किल्ल्यांवर निघणाऱ्यांत. ही मंडळी स्वतःला क्विझर म्हणवत नाहीत म्हणून तुला सापडली नाहीत. तू बाउन्स-पाउन्स समजणारी माणसं शोधत होतीस. इथे 'अहो, असं नाहीये ते' म्हणत मध्येच तोंड घालणारी भेटतील. चालवून घे, त्यांचं बऱ्याचदा बरोबर असतं.

पहिल्या फेरीला चार जण पुरे. ग्रुप काढायची घाई नको. ग्रुप निघाला की सकाळी सहाला फुलं येतात आणि प्रश्न मरतात.

आता लिफ्ट. उद्या काकांच्या दारात अर्धा पाव पेढे घेऊन जा आणि सरळ सांग, 'काका, माझा प्रश्न ढिला होता.' मग यंदाच्या गणपतीला त्यांना तपासनीस नेम. तू प्रश्न काढ, त्यांनी प्रत्येक प्रश्नात खोट काढायची, खोट नसलेलेच मांडवात जातील. असा माणूस पुण्याच्या क्लबांतसुद्धा शोधून मिळत नाही. फक्त जाताना एक तयारी ठेव. पेढा तोंडात टाकल्यावर ते म्हणतील, 'तसा कळसूबाईचा निम्मा डोंगर नगरचाच बरं का.' तू लगेच 'अहिल्यानगर' अशी दुरुस्ती करू नकोस. पहिला पेढा संपू दे.

— तुझी ताई